उतारावरचा हात

आमच्या घरात भिंतीवरची अकरा घड्याळं आहेत. पाहुण्यांना वाटतं आमचं घड्याळांचं दुकान होतं की काय. नव्हतं. मी पडदे शिवते आणि आमचे हे बस चालवायचे, बत्तीस वर्षं. वर्षभरात सगळ्यात कमी डिझेल जाळणाऱ्या ड्रायव्हरला डेपो बक्षीस द्यायचा. हे अकरा वेळा पहिले आले आणि अकराही वेळा घड्याळच मिळालं. "एकदा तरी कुकर द्या म्हणावं," असं मी दरवर्षी सांगायचे. हे म्हणायचे, "बक्षिसात कोणी मागणी करतं का?"

डेपोत ह्यांचं नाव पडलं थेंबशेठ. डिझेलचा एक थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून. त्या नावातली थट्टा ह्यांना कधी कळलीच नाही, उलट कॉलर ताठ. घरीही तोच खाक्या. टूथपेस्टची नळी संपत आली की माझ्याकडे लाटणं मागायचे. लाटणं! एकदा दिलं, दुसऱ्यांदा लपवून ठेवलं.

आता डिझेल वाचवायची ह्यांची कला काय होती, ते सांगते. उतार लागला की हे गिअर काढून घ्यायचे. गाडी न्यूट्रल. इंजिन नुसतं गुरगुरत राहायचं आणि एवढी मोठी बस भरल्या पोटी आपल्याच वजनावर खाली यायची. सपाटी यायच्या जरा आधी, नेमक्या जागी, हे क्लच दाबून गिअर परत टाकायचे, आणि तेही असं की उभ्या प्रवाशाचा पायसुद्धा हलू नये. हे नियमात बसत नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं असंही नाही, पण घड्याळ देताना डिझेल कसं वाचवलं हे कोणी विचारलं नाही.

ह्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं एकच कंडक्टर होते. आम्ही त्यांना घंटीवाले भावजी म्हणतो. ते मला सांगायचे, "वहिनी, उतार आला की मी तिकिटं देणं थांबवायचो. वरचा दांडा धरायचो आणि मनात मुलांची नावं घ्यायचो." मुलं तीनच. उतार लांबला की सासरच्या माणसांचीही नावं घेऊन व्हायची म्हणे.

पण गंमत बाजूला ठेवून सांगते. बत्तीस वर्षांत ह्यांच्या बसमध्ये कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि ह्यांच्या हाताखालची एकही गाडी रस्त्यात बंद पडली नाही. माणसाला एखादी गोष्ट यावी तर अशी यावी. बाकी काही येत नाही हो त्यांना. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पडायची. लग्नकार्यात चार शब्द बोलायला सांगितलं की घाम फुटतो. पण स्टिअरिंगमागे बसले की हा माणूस कोणी वेगळाच.

निवृत्त झाल्यावर पहिला महिना ह्यांनी माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून काढला. "एवढी पळवू नकोस, मोटर तापेल." "वळणावर हळू घे." अहो, पडद्याच्या दुमडीला वळण म्हणतात हे! माझ्या डोक्यावर नुसते मिरे वाटले. दुसऱ्या महिन्यात मीच म्हटलं, आपण गाडी घेऊ. माझी पडद्यांची कामं वाढली होती, लांबलचक दांडे आणि कापडाचे गठ्ठे न्यायला दरवेळी टेम्पो बोलवावा लागायचा. निम्मे पैसे ह्यांचे, निम्मे माझे, आणि गाडी माझ्या नावावर. त्याला हे लगेच तयार झाले. म्हणाले, "मालक कुणी का असेना, ड्रायव्हर मी आहे."

छोटी गाडी ह्यांना नकोच होती. बत्तीस वर्षं उंचावरून रस्ता बघितलेला माणूस, खाली बसला की त्याचा जीव घाबरा होतो. म्हणून एसयूव्ही. आणि क्लच दाबून दाबून एक गुडघा पार कामातून गेलेला, म्हणून ऑटोमॅटिक. शोरूममध्ये ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "गिअरचा दांडा तरी आहे ना?" विकणारा म्हणाला, "आहे ना काका. पण एकदा डीवर, म्हणजे ड्राइव्हवर, टाकला की विसरून जायचं." विसरून जा म्हणे! ह्यांना नेमकं तेच जमणार नव्हतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी सीटच्या कापडाचा पोत बघत होते.

गाडी आली आणि आमच्या ह्यांना जणू दुसरं बालपण आलं. रोज सकाळी फडकं. आठवड्याला टायरची हवा. गाडीबरोबर जे माहितीपुस्तक आलं होतं ते खराब होऊ नये म्हणून ह्यांनी प्लास्टिकमध्ये घालून चिकटपट्टीनं बंद करून टाकलं. आणि एक वही. किती डिझेल भरलं, किती किलोमीटर झाले. कंपनी सांगते त्यापेक्षा आपली गाडी लिटरमागे तीन किलोमीटर जास्त देते, हे ह्यांनी घंटीवाल्या भावजींना इतक्यांदा फोन करून सांगितलं की भावजींची बायको फोन उचलून म्हणायची, "तीन ना? सांगते."

असं दोन वर्षं सात महिने चाललं. मग एके दिवशी, वरच्या गावात एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचे नऊ पडदे द्यायला आम्ही निघालो. आमचं गाव पायथ्याला, वरचं गाव डोंगरावर, मध्ये लांबलचक चढ. गेले काही दिवस गाडी निघताना जरा थरथरायची. हे म्हणायचे, थंड आहे, तापली की बरी होईल. त्या दिवशी अर्धा चढ चढलो आणि गाडी थडथड करायला लागली. समोर पिवळा दिवा लागला, मग लाल. ह्यांनी पाय दाबला, इंजिन ओरडलं, गाडी मात्र जागची हलेना.

मी म्हटलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तर पुढे का जात नाही?"

हे उतरले, पुढचं झाकण उघडलं आणि नुसते बघत उभे राहिले. शेवटी कंपनीचा टोइंगवाला ट्रक आला. गाडी त्याच्यावर चढवली तेव्हा हे तोंड फिरवून उभे होते. बत्तीस वर्षांत ह्यांची गाडी कोणी उचलून नेली नव्हती. माझ्या मांडीवर नऊ पडदे आणि शेजारी हा असा नवरा, अशी आमची वरात ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून वरच्या गावातल्या सर्व्हिस सेंटरला पोचली.

ते सर्व्हिस सेंटर म्हणजे दवाखान्यापेक्षा चकचकीत. सोफा, फुकट कॉफी, आणि काचेपलीकडे हवेत उचललेल्या गाड्या. आमचं काम एका बाईंकडे आलं. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकाला, हातात टॅबलेट. तीन दिवसांनी त्यांनी बोलावून सांगितलं की गिअरबॉक्स गेला. आतले क्लच जळालेत, तेल कोळशासारखं काळं झालंय, अख्खं युनिट बदलावं लागेल. तीन लाख चाळीस हजार.

तेवढ्यात किती पडदे होतील ते मी मोजायला लागले. ह्यांचा मात्र पारा चढला.

"दोन वर्षं सात महिने!" हे सोफ्यावरून उठलेच. "एक्केचाळीस हजार किलोमीटर! माझी बस नऊ लाख चालली, नऊ लाख! तुमच्या गिअरबॉक्समध्ये काय लाकूड घातलंय का? वॉरंटीत करून द्या, नाहीतर मी इथून हलत नाही!"

बाई शांत. "सर, आम्ही कंपनीला कळवलं होतं. वॉरंटीत बसत नाही म्हणतात."

"का बसत नाही?"

बाईंनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गाडी मॅडमच्या नावावर आहे ना? मॅडम, जरा आत येता? कागद मालकालाच दाखवावे लागतात."

हे म्हणाले, "जा जा, तूच मालक. मी तोवर ह्यांच्या वर्कशॉपमध्ये काय दिवे लावतायत ते बघतो."

आत काचेच्या खोलीत बाईंनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. म्हणाल्या, "मॅडम, ह्या गाडीत सगळं नोंदलं जातं. हा आकडा बघा. चालत्या गाडीत न्यूट्रल आणि परत डी. दोन हजार एकशे चौदा वेळा."

आकडा वाचला आणि मी कपाळाला हात लावला. सगळं लख्ख कळलं. दोन वर्षं सात महिने मी शेजारी बसून होते ना! उतार आला की ह्यांचा हात कसा आपोआप त्या दांड्याकडे जायचा, मी रोज बघत होते. मला वाटायचं, चालवतायत ते बरोबरच असणार.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. "क्लचवाल्या गाडीत माणूस पायानं वेग जुळवून घेतो. इथे तो पाय नाही. भरवेगात दांडा परत डीवर आला की गाडीला ते सगळं एका क्षणात जुळवावं लागतं, आणि आतल्या चकत्या घासल्या जातात. एकदा-दोनदा ठीक. पण दोन हजार वेळा... पुस्तकात स्पष्ट लिहिलंय मॅडम, असं करू नका म्हणून."

पुस्तक! ते प्लास्टिकमध्ये कोरं करकरीत होतं.

"साहेबांना बोलावू का?" बाईंनी विचारलं.

"नको!" मी एवढ्या जोरात म्हटलं की त्या दचकल्या.

काचेतून हे दिसत होते. हात मागे बांधून, मान वर करून, टांगलेल्या गाड्यांची पोटं बघत फिरत होते. मला एकदम भरून आलं. ह्या माणसाकडे दुसरं आहे काय? ह्याला जर कळलं की गाडी आपल्याच हातानं मेली, आणि तीही ज्या कलेचा आयुष्यभर तोरा मिरवला त्याच कलेनं, तर हा पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. मी ओळखते ना. गप्प होऊन त्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत बसून राहील, कायमचा.

बाई म्हणाल्या, "एक मार्ग आहे. गाडी फार जुनी नाही, म्हणून कंपनी सवलत देते. दोन लाख तीस हजार त्यांचे, उरलेले तुमचे. पण एक अर्ज भरून द्यावा लागेल. बिघाड चालवण्यातल्या चुकीनं झाला, हे मान्य आहे असा. इथे चालकाचं नाव, इथे मालकाची सही."

मी पेन घेतलं. सही केली. चालकाच्या नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी माझंच नाव लिहिलं.

बाईंनी नाव वाचलं. "मॅडम, तुम्ही चालवता?"

"का? बायकांनी चालवू नये?"

"तसं नाही," म्हणाल्या आणि कागद फाइलला लावला.

बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं की कंपनी नमली. चूक त्यांचीच होती, दोन लाख तीस हजार ते भरतायत, आपल्याला फक्त मजुरी आणि वरचा खर्च. नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते मी तिकडे वळवणार होते. गेलं मशीन तर गेलं.

हे ऐकून आमचे हे जे फुगले! गाडी दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या गल्लीत गिअरबॉक्स ह्या विषयावर ज्याचं शिक्षण झालं नाही असा माणूस उरला नाही. न्हाव्याकडे, बँकेत, औषधाच्या दुकानात. "कंपनी होती ना समोर? पण आपण बोललोच असं, की त्यांची पाचावर धारण बसली. घातले दोन लाख तीस मुकाट्यानं." एका शेजाऱ्याला तर फॅक्टरीत नेमकी काय चूक झाली असेल त्याचं चित्रसुद्धा काढून दिलं. मी मूग गिळून पडदे शिवत होते. खोटं बोलायचं एकदाच असतं असं मला वाटलं होतं. ते रोज निभवावं लागतं, हे कोणी सांगितलंच नाही मला.

गाडी आणायला आम्ही बसनं वर गेलो. घंटीवाले भावजीही आले, विजयोत्सव बघायला. चष्म्यावाल्या बाईंनी किल्ली दिली. "सर, जपून चालवा," असं म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मॅडम, जपायचं तुम्ही. चालवायचं आम्हाला येतं." मी जमिनीकडे बघत राहिले.

निघालो. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी, भावजी मागे. दोनच वळणं गेली असतील, शाळेजवळचा छोटा उतार आला. ह्यांचा हात उचलला, आणि खट्, दांडा न्यूट्रलवर.

अगं आई! इथंच तर घोडं पेंड खात होतं, आणि मी तीन आठवडे ह्याचा विचारच केला नव्हता. गाडी खोटं बोलून दुरुस्त होते, हात होत नाही. उतार संपला, खट्, परत डी. माझ्या डोळ्यांसमोर एक लाख दहा हजार तडतडत जळताना दिसले.

पुढे पाण्याच्या टाकीचा उतार. मी पटकन पिशवीतून चहाचा थर्मास काढला आणि दांड्यासमोर धरला. "चहा घेता?"

"अगं, चालवताना कुठे चहा? बाजूला घे ते." खट्.

भावजी मागून म्हणाले, "मला द्या वहिनी."

आता राहिला मोठा उतार. अकरा किलोमीटर, तीसेक वळणं. त्याच्या तोंडाशी आलो आणि ह्यांचा हात दांड्याकडे जायच्या आत मी माझा हात ह्यांच्या हातावर ठेवला. घट्ट दाबून धरला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या हो ह्यांच्या! आरशातून मागे बघत हळूच म्हणाले, "अगं, भावजी आहेत."

"असू देत."

मागे भावजींनी खाकरून खिडकीबाहेर तोंड केलं. एक वळण गेलं, दोन गेली. गाडी गिअरमध्ये गुरगुरत उतरत होती आणि मी देवाचे आभार मानत होते. तिसऱ्या वळणावर हे फार मायेनं म्हणाले, "हात काढ जरा. उतार आलाय. फुकट डिझेल जातंय."

आणि माझा बांध फुटला.

"जाऊ दे! जाऊ दे ते डिझेल! काढू नका गिअर! त्यानंच गेला तो गिअरबॉक्स! कंपनीची चूक नव्हती, तुमची होती. सगळं लिहिलंय त्यांच्या कागदावर. मी खोटं बोलले तुमच्याशी."

ह्यांनी पुढच्या रुंद जागेवर गाडी बाजूला घेतली, थांबवली, हँडब्रेक ओढला. भावजी म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो," आणि थर्मास घेऊनच उतरले.

दार लागल्यावर ह्यांनी समोरच्या काचेतून बघतच विचारलं,

"किती वेळा?"

"दोन हजार एकशे चौदा."

ह्यांचे ओठ हलले. हिशोब करत होते. "रोजचे दोन-सव्वादोन. बरोबर आहे. आपल्या गावातले दोन उतार रोजचे, इकडे यायचो त्या दिवशी शाळेचा, टाकीचा आणि हा." मग म्हणाले, "आकडा खोटा नाही."

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आणि तू लिहून काय दिलंस?"

"चालवणाऱ्याची चूक, म्हणून."

"चालवणाऱ्याचं नाव घातलंस?"

"घातलं."

"कोणाचं?"

मी पदराशी खेळत राहिले. "माझं."

"तुझं?" आता मात्र आवाज चढला. "तुला सायकल येत नाही! तुझं नाव चालक म्हणून?"

"मग काय करणार होते? तुमचं कसं लिहू? तुमचं नाव त्या रकान्यात मला बघवलं नसतं."

ह्यांनी स्टिअरिंगवरची धूळ तळव्यानं पुसली. मग म्हणाले, "डेपोत एक वही असते. गाडीला काही झालं की ज्याच्या हातून झालं त्यानं लिहायचं, स्वतःच्या अक्षरात. कंडक्टरनं नाही, मेकॅनिकनं नाही. मी एकदा मागे घेताना आरसा फोडला होता, त्याचंही पान आहे. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणाऱ्या ड्रायव्हरला डेपोत कोणी चहालाही बोलवत नाही." आणि गाडी चालू केली. "भावजींना हाक मार. परत वर जायचंय."

"अहो, ती सवलत गेली म्हणजे? दोन लाख तीस हजार आहेत!"

"गेली तर गेली."

सर्व्हिस सेंटरच्या बाई घरी जायच्या तयारीत होत्या. हे सरळ त्यांच्या टेबलाशी गेले. "मॅडम, तो अर्ज चुकीचा भरलाय. दुसरा द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी कोरा अर्ज काढून दिला. ह्यांनी चालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, पुढे सवयीनं जुना बिल्ला नंबरही लिहिला. बिघाड कसा झाला ह्या रकान्यात दोन ओळींची जागा होती. ह्यांनी मागचं अख्खं पान भरलं. मी खांद्यावरून वाचत होते. कुठला उतार, किती लांब, कुठे गिअर काढायचो, कुठे टाकायचो. बसची सवय नव्या गाडीला लावली, पुस्तक उघडलं नाही. शेवटी लिहिलं, 'गाडी चांगली होती.' ते वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि रागही आला. एवढ्या अर्जात त्या गाडीवर माया करायची काय गरज होती?

बाईंनी पान सावकाश वाचलं, चष्मा काढला. "सर, खरं सांगू? चालक कोणीही असो, सवलत तेवढीच. नाव बदलल्यानं काही फरक पडत नाही."

"मला पडतो," हे म्हणाले.

बाहेर आलो. गाडी फाटकाशी उभी होती. हे तिच्यापाशी गेले, दार उघडलं नाही. खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "इथून खाली नेणारा एखादा ड्रायव्हर मिळतो का बघ. मी मागे बसतो."

हेच ते. जे टळावं म्हणून मी तीन आठवडे खोटं बोलले, तेच शेवटी समोर येऊन उभं राहिलं. भावजी थर्मास हातात घेऊन बुटांकडे बघत होते. आणि मला असा राग आला, असा राग आला!

"अहो, बत्तीस वर्षं सगळ्या जगाला घरी पोचवलंत. आणि मला पोचवायला आता परका माणूस शोधू का? मला नाही चालणार. तुम्ही चालवा, नाहीतर मी चालत उतरते अकरा किलोमीटर. पायात ह्या चपला आहेत, बघा."

"हात ऐकत नाही गं," हे म्हणाले. एवढंच. आवाज अगदी बारीक.

"मग ऐकवा त्याला. बाकी सगळ्या गोष्टी ऐकवता ना जगाला!"

भावजी हळूच मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हणाले, "चला, थेंबशेठ. गाडी सुटायची वेळ झाली."

हे बसले. दांडा डीवर टाकला. मग तो हात उचलला, स्वतःच्या मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसले. एका हातानं स्टिअरिंग धरून आम्ही उताराला लागलो. पहिल्याच वळणावर मांडीखालचा हात सुटायला बघत होता, मला दिसत होतं. कपाळावर घाम. गाडी गुरगुरत, रेटत उतरत होती, मागचे लोक हॉर्न वाजवून पुढे जात होते. ज्यांच्या बसनं कधी कोणाला पुढे जाऊ दिलं नाही ते हे, बाजूला होऊन सगळ्यांना वाट देत होते.

अर्धा उतार झाल्यावर हे समोर बघतच म्हणाले, "भीती वाटतेय मला. तू अशी गप्प बसू नकोस. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. पडद्यांचं सांग."

मग मी त्यांना दवाखान्याच्या नऊ पडद्यांचं सांगायला घेतलं. कापड कुठलं, किती चुण्या, डॉक्टरीणबाईंनी रंग तीनदा कसा बदलला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझ्या पडद्यांचं अथपासून इतिपर्यंत ऐकलं, मध्ये मध्ये हं हं सुद्धा केलं. खालचे दिवे दिसायला लागले तरी मी बोलतच होते.